हॅम हाउसच्या अंगणातला नदीदेव: एका पुतळ्याचं प्रकरण

लंडनच्या नैऋत्येकडच्या रिचमंडहून थेम्सच्या काठाकाठाने, उलट्या धारेने चालत निघालं की पीटरशॅमची गायरानं मागे पडतात आणि डाव्या हाताला झाडांच्या रांगेआड हॅम हाउस दिसायला लागतं. लाल विटांचा हा तीन मजली वाडा 1610 मध्ये सर थॉमस वावासोर या दरबारी अधिकाऱ्याने बांधला. पुढे तो डायसार्टच्या अर्लांकडे, म्हणजे टॉलमॅश घराण्याकडे आला. 1948 साली घराण्याने तो जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकला.

फाटकातून आत शिरलं की वाड्याच्याही आधी नजर पडते ती अंगणाच्या मधोमध बसलेल्या एका दणकट म्हाताऱ्यावर. खडकावर अर्धवट रेललेला, उघडा, छातीपर्यंत दाढी रुळलेली, केस नुकतेच पाण्यातून वर आल्यासारखे चिकटलेले, आणि टेकायला एक भलामोठा घडा. हा थेम्सचा नदीदेव. इंग्रज त्याला फादर थेम्स म्हणतात. कृष्णामाई आणि गोदामाई म्हणत वाढलेल्या माणसाला नदी म्हणून दाढीवाला बाप पाहायची सवय नसते. पण युरोपात ही चाल जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये जमिनीखालून नाईल आणि टायबर या नद्यांचे दोन प्राचीन संगमरवरी पुतळे निघाले. नाईल आज व्हॅटिकनमध्ये आहे आणि टायबर पॅरिसच्या लुव्रमध्ये. दोघेही रेललेले, दोघेही दाढीवाले. तेव्हापासून युरोपात ज्याला म्हणून नदी घडवायची असेल त्याच्यासमोर हा नमुना हजर असे.

तर हा पुतळा इथे का आहे, आणि तो इथे असावा का, हे आपलं प्रकरण.

आक्षेप काय आहेत

हॅम हाउसची कीर्ती आहे ती सतराव्या शतकासाठी. डायसार्टची काउंटेस एलिझाबेथ आणि तिचा दुसरा नवरा ड्यूक ऑफ लॉडरडेल यांनी 1670 च्या दशकात या वाड्यावर पाण्यासारखा पैसा ओतला. त्यांच्या वेळचं फर्निचर, पडदे, चित्रं आणि खोल्यांची मांडणी यांतलं इतकं काही टिकून आहे, की इंग्लंडमध्ये त्या काळाचा वाडा पाहायचा तर लोक इथेच येतात. 1975 मध्ये नॅशनल ट्रस्टने दक्षिणेकडची बाग 1671 च्या सुमाराच्या आराखड्यावरून पुन्हा आखायला घेतली. मधल्या काळात माजलेलं रान काढून हिरवळीचे चौकोन आणि कुंपणांच्या वाटा परत आणल्या.

वाड्याच्या मागे घड्याळाचे काटे 1670 च्या दशकाकडे फिरवले आणि पुढच्या अंगणात मात्र नदीदेव बसून राहिला. हा नदीदेव इथे आला 1800 च्या आसपास. लॉडरडेलच्या डचेसने, म्हणजे याच एलिझाबेथने, त्याला कधी पाहिलंच नाही, ती 1698 मध्येच गेली. म्हणजे मागची बाग ज्या न्यायाने परत आखली, त्या न्यायाने पुढे हा पाहुणा उपरा ठरतो.

दुसरा आक्षेप असा, की हा पुतळा एकमेव नाही. याच साच्यातला दुसरा फादर थेम्स रिचमंड टेकडीच्या उतारावर, टेरेस गार्डन्समध्ये बसला आहे. तिसरा आक्षेप पुतळा कशाचा आहे त्यावर. दुरून पाहणारा त्याला पिवळट राखाडी दगड समजतो. जवळ जाऊन नीट पाहिलं तर अंगावर जोडाच्या बारीक रेघा सापडतात, आणि छिन्नीची खूण कुठेच नसते. हा दगड नाहीच. ही भट्टीत भाजलेली माती आहे.

उशिरा आलेला, दुय्यम प्रत असलेला आणि दगडाचं सोंग घेतलेला. कागदावर मांडलं तर म्हाताऱ्याची बाजू फार लंगडी दिसते.

भिंत

मुळात इथे पुतळा नव्हता, भिंत होती. लॉडरडेल दांपत्याच्या वेळी पुढचं अंगण चारही बाजूंनी बंदिस्त होतं. भिंतींच्या कोनाड्यांत रोमन सम्राटांचे अर्धपुतळे बसवले होते आणि नदीच्या बाजूला लोखंडी फाटकं होती. नदी होती हाकेच्या अंतरावर, पण अंगणात उभं राहून ती दिसायची नाही. सतराव्या शतकात यात कोणाला काही वावगं वाटलं नसणार. मोठ्या घराचं अंगण म्हणजे पाहुण्याने गाडीतून उतरून रुबाबाने दरवाज्यापर्यंत जायची जागा. तिथून नदी पाहायची असते हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

शंभर वर्षांनी आवड बदलली. नदीच्या पलीकडे ट्विकनहॅमला, स्ट्रॉबेरी हिल या आपल्या हौशी घरात होरेस वॉलपोल राहत होता. त्याच्या पुतणीचं, शार्लटचं, लग्न हॅम हाउसच्या वारसाशी झालं होतं. 1770 मध्ये तो नवरा पाचवा अर्ल झाला आणि वॉलपोल घर पाहायला गेला. नंतर लिहिलेल्या पत्रात त्याची कुरकुर अशी, की थेम्सच्या अगदी काठावर, एवढ्या हिरव्यागार सौंदर्याच्या मध्यभागी असलेलं हे घर भिंती, प्रचंड झाडं आणि फाटकं यांनी असं कोंडलंय, की आपण शंभर मैल लांब आणि शंभर वर्षं मागे आलो असं वाटतं. वॉलपोल खवचट माणूस होता आणि पत्रं लिहिताना मीठ-मसाला लावायचा, पण इथे त्याने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

पाचवा अर्ल मात्र ढिम्म. माणूस एकलकोंडा, हात आखडता, आणि घरात कोणी आलेलं खपायचं नाही. राजे तिसरे जॉर्ज यांनी घर पाहायची इच्छा कळवली, तेव्हा माझं घर लोकांना पाहायला खुलं करायची वेळ आली तर पहिला मान महाराजांचाच, असं तिरकस उत्तर त्याने पाठवल्याचं सांगतात. असा मालक भिंत पाडणार कसली?

1799 मध्ये तो वारला. मूलबाळ नव्हतं, म्हणून धाकटा भाऊ विल्ब्रॅहम सहावा अर्ल झाला. तेव्हा त्याने साठी गाठलेली होती. या वयात वारसा मिळालेली माणसं बहुधा आहे ते सांभाळतात. विल्ब्रॅहमने नदीकडची भिंत बऱ्याच भागात पाडून टाकली. फाटकं तशीच मोकळी उभी राहिली. भिंतीच्या जागी हा-हा खणला. इंग्लंडमधल्या बागांतली ही एक जुनी युक्ती. चर अशी खणायची की घराकडच्या बाजूला उभी दगडी किंवा विटांची कड राहते आणि पलीकडची बाजू उताराने वर येते. गुरं आत येऊ शकत नाहीत, आणि घराच्या खिडकीतून पाहिलं तर मध्ये काहीच दिसत नाही, नजर थेट पलीकडे जाते. भिंतीतले काही सम्राट उचलून वाड्याच्या दर्शनी भागावरच्या कोनाड्यांत बसवले. कठड्यांवर लंडनमधल्या लॅम्बेथहून आणलेले शोभेचे अननस चढवले. आणि मोकळ्या झालेल्या अंगणात, घर आणि नदी यांच्या बरोबर मध्ये, नदीदेव आणून बसवला.

हा क्रम लक्षात घेतला की पहिला आक्षेप गळून पडतो, निदान मला तरी तसंच वाटतं. पुतळा नुसता शोभेला आणलेला नाही. ज्या दिशेला भिंत होती त्या दिशेला तोंड करून तो बसला आहे. भिंत पडली म्हणून तो आला. तो काढला तर भिंत पडल्याची खूणच जाते, आणि भिंत परत बांधायची तर काठावरून दिसणारं घर जातं. मागच्या बागेत असला पेच नव्हता. तिथे एकोणिसाव्या शतकाने जे वाढवलं ते बरंचसं दुर्लक्षाने वाढलेलं होतं. पुढच्या अंगणात मात्र एका माणसाने विचार करून घराची नजर फिरवली. दुर्लक्षाने साचलेलं काढायला आणि ठरवून केलेलं पुसायला एकच नियम लावून चालत नाही.

शिवाय नदीही इथे चित्रातली नाही. थेम्सला भरती-ओहोटी टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत असते, आणि हॅम हाउस टेडिंग्टनच्या खालच्या अंगाला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी काठावरच्या पायवाटेवर चढतं, हॅम स्ट्रीटच्या टोकाला असलेल्या वाहनतळात शिरतं आणि काही तासांनी मुकाट परत जातं. माहीत नसलेल्याची गाडी तेवढ्यात चाकांपर्यंत भिजलेली असते. घराच्या उंबऱ्यापासून इतक्या जवळ हे वरचेवर चाललेलं असताना नदीच्या बापाला अंगणात जागा देणं शहाणपणाचंच म्हणायचं.

माती

आता तिसरा आक्षेप, कारण दुसऱ्याचं उत्तर त्याच्यातच आहे.

लॅम्बेथमध्ये, थेम्सच्या दक्षिण काठावर, आज जिथे रॉयल फेस्टिव्हल हॉल आहे त्या परिसरात, 1769 पासून एक कारखाना चालत होता. मालकीण एलिनॉर कोड. जन्म 1733, गाव एक्सेटर. वडील लोकरीचे व्यापारी, दोनदा दिवाळं निघालेले. ही मुलगी लंडनमध्ये स्वतःच्या नावावर कापडाचा धंदा करत होती. डॅनियल पिंकॉट नावाच्या माणसाचा कृत्रिम दगडाचा व्यवसाय अडचणीत होता, तो तिने घेतला आणि पिंकॉटला कामावर ठेवलं. दोन वर्षांत पिंकॉट स्वतःला मालक म्हणवून मिरवायला लागला, तर 1771 मध्ये तिने वर्तमानपत्रात जाहीर खुलासा देऊन त्याला काढून टाकलं. पुढची पन्नास वर्षं कारखाना तिच्या हातात होता. तिने लग्न केलं नाही. लोक मिसेस कोड म्हणत ते धंदेवाल्या बाईला द्यायच्या मानाने. तिच्या आईचंही नाव एलिनॉरच असल्यामुळे पुढच्या अभ्यासकांनी बराच काळ सगळं श्रेय आईच्या पदरात टाकलं होतं. कागदपत्रं नीट चाळल्यावर विसाव्या शतकात मुलगी पुढे आली.

तिच्या मालाची गोम मिश्रणात होती. साठ ते सत्तर टक्के डॉर्सेट आणि डेव्हनची बारीक चिकणमाती. दहा टक्क्यांच्या आसपास आधी भाजून पुन्हा दळलेल्या मातीचा चुरा. तितकाच साध्या काचेचा चुरा. उरलेल्यात कुटलेली चकमक आणि गारगोटीची वाळू. यातला भाजलेल्या मातीचा चुरा सगळ्यात महत्त्वाचा. साधी माती भट्टीत आक्रसते आणि मोठी वस्तू तडकते किंवा वाकडी होते. एकदा आक्रसून झालेली माती दुसऱ्यांदा फारशी आक्रसत नाही. म्हणून कोडच्या मालाचं आक्रसणं आठ टक्क्यांच्या आसपास राहायचं आणि ते आधीच हिशेबात धरता यायचं. काच वितळून सगळे कण एकमेकांना चिकटवायची. भट्टी 1,100 ते 1,150 अंश सेल्सिअसवर चार दिवस अखंड ठेवावी लागे. लाकूड-कोळशाच्या भट्टीत, मोजायला आजच्यासारखं यंत्र नसताना, चार अहोरात्र तेच तापमान राखायचं! मिश्रण कोणीही केलं असतं. भट्टीवाल्याचा डोळा विकत मिळत नव्हता.

पुतळा घडायचा तो असा. शिल्पकार एकदा मातीत नमुना करून देई. त्यावरून प्लास्टरचे साचे, तेही तुकड्यातुकड्यांचे. साच्यात मातीचे थर आतून दाबून बसवत. मूर्ती पोकळ राही, नाहीतर भट्टीत फुटली असती. अर्धवट सुकल्यावर कारागीर हाताने कडा साफ करी, दाढीच्या बटा आणि पापण्या पुन्हा कोरी. मग भाजणी. मोठा पुतळा एका तुकड्यात भट्टीत जात नसे, म्हणून भाग वेगळे भाजून नंतर जोडत. नदीदेवाच्या अंगावरच्या त्या बारीक रेघा म्हणजे हेच जोड.

आणि हे सगळं यादीतून विकलं जाई. कोडच्या 1784 च्या छापील यादीत नदीदेव आहे. उंची 9 फूट, सोबत घडा, आणि हवं असल्यास त्या घड्यातून पाण्याची धार काढता येईल अशी सोय. किंमत 100 गिनी, म्हणजे 105 पौंड. यादीतली ही बड्या गिऱ्हाईकाची वस्तू. दरवाज्यावरचा मुखवटा किंवा कुंडी त्याच्या कितीतरी खाली. घरमालकाने यादी उघडायची, बोट ठेवायचं आणि हुकूम धाडायचा. लॅम्बेथ थेम्सच्या काठावर आणि हॅम हाउसही थेम्सच्या काठावर, त्यामुळे असला अवजड माल आणायला याच नदीसारखी सोयीची वाट दुसरी नव्हती.

यादीतून घेतलेला म्हणून तो कमअस्सल, हे आपलं आजचं दुखणं आहे, त्या काळचं नाही. तिसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीत वास्तुरचनाकार कोडचा माल राजवाड्यांनाही वापरत. दगड कोरून घ्यायचा तर एकेका पुतळ्याला महिने जात आणि हवामानाची खात्री नसे. कोडच्या मालाची खात्री होती. पुतळ्याच्या बाबतीत विचारायचं ते एवढंच, की नमुना चांगला आहे का आणि भाजणी नीट झाली आहे का. हॅम हाउसच्या नदीदेवाच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर होय आहे.

नमुना कोणाचा

नमुना थोरल्या जॉन बेकनचा. जन्म 1740. पोरवयात तो चिनी मातीची भांडी करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला, म्हणजे हात आधी मातीत बसला, संगमरवरात नंतर. 1769 मध्ये रॉयल अकॅडमीने शिल्पासाठी दिलेलं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. कोडच्या कारखान्यासाठी तो वर्षानुवर्षं नमुने करत राहिला, आणि त्याच वेळी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या लॉर्ड चॅटमच्या स्मारकासारखी बडी सरकारी कामंही घेत होता. मोठा कलावंत म्हणून नाव झाल्यावरही कारखान्याचं काम त्याने कमीपणाचं मानलं नाही, हे मला त्याच्याबद्दल सगळ्यात आवडतं.

थेम्स त्याने दुसऱ्यांदाही घडवला. लंडनच्या सॉमरसेट हाउसच्या चौकात त्याचं ब्राँझचं शिल्प आहे. वर राजे तिसरे जॉर्ज आणि पायाशी रेललेला फादर थेम्स. राणी शार्लटने ते पाहून बेकनला विचारलं म्हणे, एवढी भीषण आकृती कशाला केलीत? त्यावर बेकन म्हणाला, की सौंदर्य आणि ऐश्वर्य यांचा मेळ निसर्गाला सहज साधतो, कलेला तो प्रत्येक वेळी जमत नाही. राणीला चिमटाही नाही आणि माघारही नाही, दरबारात टिकायचं तर असंच बोलता यायला हवं.

या घराण्याचं काम पाहायला मराठी माणसाला लंडनपर्यंत जायची गरज नाही. बेकन 1799 च्या ऑगस्टमध्ये वारला आणि त्याच नावाच्या मुलाने कार्यशाळा चालवली. मुंबईच्या फोर्टात सेंट थॉमस कथीड्रलमध्ये गव्हर्नर जोनाथन डंकनचं संगमरवरी स्मारक आहे, ते या धाकट्या बेकनचं. संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स याचा लंडनच्या सेंट पॉल्समधला पुतळा मात्र थोरल्याचा.

तारखा जुळवून पाहिल्या तर एक गंमत दिसते. सहाव्या अर्लच्या हाती घर आलं 1799 मध्ये आणि बेकन गेलाही त्याच वर्षी. अंगणातल्या या पुतळ्याची जागा ठरवण्यात शिल्पकाराचा हात बहुधा नव्हताच. त्याने केलेला नमुना निदान पंधरा वर्षं जुना होता. म्हणून या पुतळ्याचा कर्ता कोण, असं विचारलं तर मी तीन नावं घेईन. नमुना बेकनचा, वस्तू कोडची आणि जागा विल्ब्रॅहमची. फलकांवर बहुधा पहिल्याचं नाव ठळक असतं. दुसरं हल्ली हल्ली यायला लागलं आहे. तिसरं कोणी घेत नाही, आणि या प्रकरणात तेच सगळ्यात वजनदार आहे.

उघड्यावर ठेवायचा का

आता जुन्या पुतळ्यांच्या बाबतीत हमखास निघणारा प्रश्न. मूळ पुतळा आत हलवावा आणि बाहेर त्याची प्रतिकृती ठेवावी का? संगमरवरी किंवा चुनखडीच्या पुतळ्याला हा उपाय अनेकदा योग्य असतो. लंडनच्या कोळशाच्या धुराने आणि आम्लाच्या पावसाने चुनखडी विरघळली, नाकं सपाट झाली, बोटं गेली. कोडचा माल चुन्याचा नाही. भाजून जवळजवळ काचेसारखा घट्ट झालेला असल्याने पाणी आत फारसं मुरत नाही, आणि मुरलं नाही की थंडीत गोठून फुटायचंही टळतं. वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी बसलेला सिंह याच मालाचा, 1837 चा. दारूच्या भट्टीवर, मग पुलाजवळ, शहराच्या ऐन धुरात त्याने दिवस काढले आणि आयाळीची बट न बट अजून शाबूत आहे.

नदीदेवाला आत नेण्याचं कारण म्हणून हवामान पुढे करता येत नाही. असल्या पुतळ्यांना दुखतं ते वेगळ्याच ठिकाणी. जुन्या काळी तुकडे जोडताना आत लोखंडी सळ्या आणि पट्ट्या घालत. जोडातला मसाला सुटला की पाणी आत उतरतं, लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि भोवतालची भाजलेली माती आतून फोडतं. वरचं अंग धडधाकट आणि आतला सांधा सडलेला, अशी गत. म्हणून अशा पुतळ्याची तपासणी करणारा आधी चेहरा पाहत नाही, जोड पाहतो. रेघ रुंदावली आहे का, तिच्या कडेला तपकिरी डाग उतरला आहे का, टकटक केल्यावर कुठे बद्द आवाज येतो का.

दुसरा धोका माणसाच्या हाताचा. विसाव्या शतकात असंख्य जुन्या पुतळ्यांचे जोड कडक सिमेंटने भरले गेले. सिमेंट मातीच्या अंगापेक्षा टणक, ते हलत नाही, मग तडा शेजारच्या मूळ भागात जातो. चुन्याचा मऊ मसाला भरावा, तो गेला तरी चालतो, पुन्हा भरता येतो. सळी बदलायचीच झाली तर स्टेनलेस स्टीलची घालावी. अंगावर जागोजागी करडे-पिवळे ठिपके दिसतात, ते दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याच्या जातीचं. ते पाहून अनेकांचे हात घासायला शिवशिवतात. तारेचा ब्रश आणि जोराच्या पाण्याचा फवारा भट्टीतून आलेली वरची घट्ट साय खरवडून काढतात आणि ती एकदा गेली की परत येत नाही. ठिपके राहू द्यावेत. घासलेला नदीदेव स्वच्छ दिसेल, पण पुढच्या पन्नास वर्षांत जास्त झिजेल.

कोडची कृती तिच्याबरोबरच गेली, असं अजूनही छापून येतं. 1821 मध्ये ती वारली आणि पुढच्या दोन दशकांत कारखाना बंद पडला हे खरं, पण कृती हरवलेली नाही. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेने जुन्या तुकड्यांचं पृथक्करण करून 1980 च्या दशकात घटक मांडले, आणि इंग्लंडमध्ये आज तसा माल पुन्हा भाजला जातो. त्यामुळे तुटलेलं बोट त्याच जातीच्या मातीत करून बसवता येतं. प्रतिकृती करायचं तंत्रही हाताशी आहे. पण तंत्र आहे म्हणून वापरलंच पाहिजे असं थोडंच आहे?

जागा बदलली की काय होतं याचा दाखला थेम्सच्याच काठी आहे. राफाएले मोंटी याने 1854 मध्ये क्रिस्टल पॅलेससाठी एक फादर थेम्स केला. 1958 मध्ये तो नदीच्या उगमापाशी, एका कुरणात नेऊन बसवला. तिथे लोकांनी त्याची मोडतोड केली, म्हणून 1974 मध्ये लेचलेडजवळच्या सेंट जॉन्स लॉकवर हलवला. पुतळा चांगला आहे, जागाही देखणी आहे. पण तो तिथे का आहे याचं उत्तर आधीच्या जागी धड राहिला नाही म्हणून, एवढंच. हॅम हाउसच्या म्हाताऱ्याला या प्रश्नाचं धड उत्तर आहे, आणि ते उत्तर त्याच्या समोरच्या मोकळ्या जागेत आहे.

ती मोकळी जागा टिकली यातही याच घराण्याचा हात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनची वस्ती वाढत रिचमंडच्या टेकडीपर्यंत आली आणि टेकडीवरून दिसणारा नदीचा वळसा बांधकामात जातो की काय अशी वेळ आली. 1902 मध्ये संसदेने खास कायदा करून टेकडीखालची कुरणं आणि हॅमची काठालगतची जमीन मोकळी राखली. त्या व्यवहारात नवव्या अर्लने काठाकडच्या जमिनी दिल्या आणि बदल्यात इतरत्रचे हक्क पदरात पाडून घेतले. धर्म म्हणून केलं की हिशेब म्हणून, यावर वाद घालता येईल. पण सहाव्या अर्लने भिंत पाडून जी नजर मोकळी केली होती तिच्यासमोर घरांची रांग आली नाही, हे त्यामुळेच.

म्हणून माझा निकाल असा. पुतळा आहे तिथेच, उघड्यावर, मूळचाच राहावा. मागची बाग 1670 च्या दशकातली आणि पुढचं अंगण 1800 चं, हा विसंवाद लपवू नये, उलट फाटकापाशी दोन ओळींत सांगावा, भिंत इथून इथपर्यंत होती हे जमिनीवर दाखवावं. वर्षाआड जोडांची तपासणी, चुन्याचा मसाला, दगडफुलाला अभय. खर्च फार नाही, फक्त तो दरवेळी वेळेवर करावा लागतो, आणि जुन्या वास्तूंच्या बाबतीत नेमकं तेच अवघड असतं.

ज्यांना दोन्ही म्हातारे पाहायचे असतील त्यांनी आधी टेरेस गार्डन्समधला पाहावा आणि मग टेकडी उतरून नदीकाठाने अर्धा तास चालत हॅम हाउसला यावं. साचा तोच आहे. उधाणाची वेळ मात्र आधी बघून निघा, नाहीतर शेवटचा टप्पा बूट हातात धरून करावा लागेल.